बांधून ठेवलेलं अभिनंदन

तुमच्या घरातलं पोर तुम्हाला 'मला येत नाही' असं शेवटचं कधी म्हणालं? आणि म्हणालं तेव्हा तुम्ही काय केलंत? रागावलात, समजावलंत, की हसलात?

आमच्या घरी हसले. त्या हसण्यात वाईट काहीच नव्हतं, उलट ते कौतुकाचं होतं. म्हणूनच ते मला आजवर विसरता आलेलं नाही. मारणाऱ्या बापाविरुद्ध निदान उभं राहता येतं. कौतुक करणाऱ्या बापाविरुद्ध पोरीनं कुठं उभं राहायचं?

आम्ही उदगीरचे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. बाजारातल्या एका वह्या-पेनांच्या दुकानामागं छोटा छापखाना होता, तिथं ते छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. दिवसभर लग्नपत्रिका, पावत्या, अडत दुकानांच्या चिठ्ठ्या. संध्याकाळी मालकाची परवानगी काढून स्वतःची पत्रकं. पिण्याचं पाणी द्या, रोजगार हमीची थकलेली मजुरी द्या, बुवाबाजी बंद करा, वेगळा जिल्हा द्या. अण्णांची एक कृती समिती होती. अण्णा तिचे लेखकही आणि जुळारीही. कागदावर आधी न लिहिता ते मजकूर थेट शिशाच्या खिळ्यांत रचायचे. त्यांच्या डोक्यात वाक्यं उलटीच तयार होत असावीत, असं मला लहानपणी वाटायचं.

आमच्या पुस्तकांना कव्हरं उरलेल्या पत्रकांची. दाराच्या फटीत थंडीसाठी कोंबलेली पत्रकं. मी आयुष्यात वाचलेला पहिला शब्द 'जाहीर' होता. अन्याय हा शब्द मी आंब्याच्या आधी शिकले, आणि त्याबद्दल अण्णांचे उपकार मी अजून मानते. पुढं जे सांगणार आहे त्यानं ते उपकार फिटत नाहीत.

अण्णांची शाळा निजामाच्या राज्यात सुरू झाली, ती उर्दूतून. ते जेमतेम अक्षरं जोडू लागले तोवर राज्य गेलं आणि शाळा मराठी झाली. उजवीकडून डावीकडं लिहिणाऱ्या पोराला एका सकाळी डावीकडून उजवीकडं लिहायला बसवलं. त्याला जमेना. मास्तर बोटांच्या पेरांनी टाळूवर मारायचे आणि प्रत्येक टोल्यागणिक एकच शब्द म्हणायचे, "मठ्ठ." अण्णांनी शाळा सोडली. ते छापखान्यात झाडू मारायला लागले, आणि तिथं खिळे उचलता उचलता एकटेच मराठी शिकले. त्यांनी मनाशी एक पक्कं केलं होतं, तो शब्द आपल्या घरात कुणी उच्चारायचा नाही. तो खरोखरच कधी उच्चारला गेला नाही. त्याच्या जागी त्यांनी दुसरा शब्द आणून बसवला, हुशार.

आक्का माझी मोठी बहीण. चार वर्षांनी मोठी. शाळेत जायच्या आधीपासून ती छापखान्यात अण्णांच्या पायाशी बसायची. छापून झालेला मजकूर सोडवला की खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकावे लागतात. ते काम अण्णा तिला खेळ म्हणून द्यायचे. 'घ'च्या खणात 'ध' पडला की ते मान न वळवता म्हणायचे, "परत बघ." आक्का खिळा बोटांत फिरवायची, उजेडाकडं धरायची, मग योग्य खणात टाकायची. खिळा पडल्याचा आवाज अण्णा ओळखायचे. "हं. जमलं," ते म्हणायचे. बस. एवढंच. आक्का मला सांगायची की ते 'जमलं' ऐकण्यासाठी ती मुद्दाम अवघड खिळे आधी उचलायची.

मला ते दिवस नीट आठवत नाहीत. तिनं सांगितले म्हणून माहीत. पण कौतुक कसं असतं असं मला कुणी विचारलं, तर मी ते 'जमलं' दाखवीन. त्यात ती नव्हती, तिनं केलेलं काम होतं. आणि चुकलं तर पुन्हा बघायला जागा होती.

मग नवा जिल्हा झाला. लातूर वेगळं निघालं, त्याला कलेक्टर कचेरी मिळाली. आमचं उदगीर तालुक्याचं तालुकाच राहिलं, तरी अण्णा गुलालानं लाल होऊन घरी आले. माय म्हणाली, "आपल्याला काय मिळालं त्यात?" अण्णा म्हणाले, "इज्जत मिळाली." आठवड्याभराचं पाणी आधीच तळाला गेलं होतं, गुलाल धुवायला तिनं त्यांना अर्धा तांब्या दिला.

त्याच वर्षी आक्का सातवीच्या शिष्यवृत्तीला बसली आणि नव्या जिल्ह्याच्या पहिल्याच यादीत अगदी वर आली. शाळेतून ती पळत छापखान्यात गेली. मी तिच्या मागं. तिला यादीचं नव्हतं सांगायचं. एक उदाहरण तिनं पुस्तकात दिलेल्या रीतीनं न सोडवता स्वतःच्या रीतीनं सोडवलं होतं आणि ते बरोबर आलं होतं, ते तिला दाखवायचं होतं. तिनं जमिनीवर खडूनं आकडे मांडायला घेतले.

"अण्णा, बघा ना. इथं मी आधी वजाबाकी केली..."

अण्णांनी तिला खांदे धरून उठवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "ते काय बघायचं? येणारच तुला! हुशारच हाईस तू," ते म्हणाले, आणि वळून मोठ्या अक्षरांच्या खणापाशी गेले. दुसऱ्या दिवशी गावभर पत्रक होतं: 'मराठवाड्याला मागास म्हणणाऱ्यांना नव्या जिल्ह्याच्या कन्येचं उत्तर!' खाली आक्काचं नाव, अण्णांचं नाव, समितीचं नाव.

एसटी स्टँडवर, मोंढ्यात, किल्ल्याच्या रस्त्यावर, सगळीकडं ती. चणेफुटाणेवाला तिच्याच नावाच्या पुड्या बांधून देत होता. पुण्या-मुंबईचे लोक आम्हाला मागास म्हणत, म्हणतातही, आणि त्याचा संताप मलाही येतो. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला कुणी असं उत्तर करून टाकतं का? उत्तर एकदा छापलं की त्याला चुकण्याची सोय उरत नाही. खडूची ती वजाबाकी छापखान्यातल्या पायांखाली पुसली गेली. ती कुणी बघितलीच नाही.

मायचा या सगळ्याला विरोध होता, पण वेगळ्याच कारणानं. तिच्या माहेरी लेकराला तोंडावर चांगलं म्हणायची रीत नव्हती. चांगलं म्हटलं की दृष्ट लागते. पाहुणा म्हणाला, "पोरगी गोरी हाय," तर तिची आई म्हणायची, "कुठली गोरी, उन्हानं करपलीय सगळी." त्यामुळं माय आमच्याबद्दल बरं असं काही बोलायचीच नाही. पत्रक वाटलं त्या संध्याकाळी तिनं आक्कावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. अण्णा चिडले. दृष्टीच्या खुळाविरुद्ध त्यांनीच गेल्या वर्षी पत्रक काढलं होतं. "माझ्या घरात हे चालणार न्हाई," ते म्हणाले. माय म्हणाली, "मग तुमच्या घरातली पोरगी चव्हाट्यावर कशाला मांडलीत?"

दोघंही तिच्यावर जीव टाकत होते. एक गावाला सांगत होता, दुसरी चुलीला. आक्काला थेट कुणी काही सांगत नव्हतं.

पुढची तीन वर्षं पावसानं दगा दिला. तिसऱ्या वर्षी तर आडांत बादली टाकली की दगडाचा आवाज यायचा. माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. गल्लीत टँकर यायचा त्याच्या रांगेत घागरी घेऊन उभं राहायचं काम माझं. आक्काला तिथं पाठवायचं नाही असा अण्णांचा हुकूम होता. ती दहावीला. तिला लातूरला सायन्सला जायचं होतं. निदान अण्णा तसं म्हणायचे आणि ती नाही म्हणायची नाही. लहानपणी तिला फक्त गणित करत बसायला आवडायचं. पुढं काय व्हायचं ते तिला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. दहावीवर मात्र सगळंच टांगलेलं होतं. पास झाली तर लातूर, नाही तर नवरा, हे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मुलीला न सांगता माहीत असायचं.

रांगेतल्या बाया मला सोडायच्या नाहीत.

"काय गं, तुझी बहीण पाणी पीत न्हाई का? का पुस्तकंच पिऊन राहिली?"

"अगं, ती कलेक्टर होणार हाय. मग टँकर तिच्याच दारात लागतोय बघ."

"मग मावशीला वळखशील का गं तवा?"

मी म्हणायचे, "तुमच्या घागरी आधी भरायला लावीन." त्या हसायच्या. त्यांचं बोलणं टोचायचं, पण त्यांच्यात मी होते, कुणी माझ्यासाठी घागर उचलून देत होतं, कुणी माझा नंबर राखत होतं. आक्का घरात एकटी. उन्हात तापलेल्या पत्र्याखाली, भूमितीच्या पुस्तकासमोर.

भूमितीत ती अडली होती. आकड्यांचं तिला कधी जड गेलं नाही, पण ते 'सिद्ध करा' आलं आणि तिचा पाय घसरला. वर्गात हात वर करून विचारावं, तर गुरुजी म्हणायचे, "तू काय विचारतीस? तुझं बघून बाकीच्यांनी शिकायचं!" सगळा वर्ग वळून बघायचा. तिनं हात वर करणं सोडलं. सहामाहीला भूमितीत ती कशीबशी काठावर निघाली. गुरुजींनी ते घरी कळवलं नाही. पोरीची तब्येत बरी नसेल, असं त्यांनीच ठरवून टाकलं. तेही कौतुकच.

एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "अण्णा, मला भूमिती येईना."

अण्णांचा घास हातात राहिला. मग ते हसले. मनापासून, मोकळं हसले.

"तुला? आन् येईना? थट्टा करायलीस का बापाची?"

"न्हाई अण्णा. खरंच येईना. शिकवणी लावू का? पलीकडच्या गल्लीत एक सर..."

"शिकवणी ज्यांना येत न्हाई त्यांना लागते, बाळा. तू बस एकदा शांत. येणारच तुला."

माय म्हणाली, "असलं अभद्र बोलू नगं गं जेवताना."

आक्कानं भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली. दोन दिवसांनी समितीची मंडळी आमच्याकडं चहाला बसली होती, तेव्हा अण्णा त्यांना सांगत होते, "आमची लेक म्हणते मला येईना! विनय बघा पोरीचा." मंडळी म्हणाली, "वा!" आतल्या खोलीत आक्का ते ऐकत होती. तिनं मदतीला मारलेली हाकसुद्धा तिच्या कौतुकात जमा झाली.

परीक्षा तोंडावर आली तेव्हाची गोष्ट. दुपारी अण्णांचा डबा घेऊन आम्ही दोघी छापखान्यात गेलो. मी पाण्याचा तांब्या धरला होता, डबा आक्काकडं. अण्णा आत कागद कापत होते. खिडकीखालच्या लाकडी तबकात सुतळीनं घट्ट बांधलेला एक मजकूर तयार ठेवला होता. वर मोठ्या लाकडी अक्षरांत 'हार्दिक अभिनंदन'. छापखान्यातल्या माणसाला उलटं वाचता येतं, आम्हा बहिणींनाही यायचं. अभिनंदनाच्या खाली आक्काचं नाव होतं. त्याखाली 'दहावीच्या परीक्षेत', पुढं गुणांच्या जागी कोरे खिळे, आणि मग 'मिळवून नव्या जिल्ह्याची मान उंचावल्याबद्दल'.

यामागं अण्णांचा एक हिशेब होता, आणि तो छापखान्यातल्या माणसालाच सुचावा असा होता. मोठ्या अक्षरांचा संच एकच. निकालाच्या दिवशी गावातले सगळे आडते आणि पुढारी आपापल्या पोरांची अभिनंदनं घेऊन धावत येणार. जो आधी येईल त्याला ती अक्षरं मिळणार, बाकीच्यांना बारीक अक्षरांवर भागवावं लागणार. स्वतः जुळारी असून आपल्याच लेकीचं नाव बारीक अक्षरात छापावं लागेल, ही भीती अण्णांना होती. म्हणून त्यांनी ती अक्षरं आधीच बांधून ठेवली.

मालकांना सगळे अप्पा म्हणत. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, आणि जिभेवर कायम गिऱ्हाईक. ते आक्काला बघून म्हणाले, "ये बाई ये! तुझ्या बापानं माझं अभिनंदन कोंडून ठेवलंय बघ. काल एक मुंजीचं गिऱ्हाईक परत गेलं. लवकर पास हो आन् माझी अक्षरं सोडव!"

अण्णा हात पुसत बाहेर आले. लाजले थोडे. "तुला दाखवायचं नव्हतं आत्ता."

आक्कानं कोऱ्या खिळ्यांवर बोट ठेवलं. "इथं काय घालणार?"

"तू आणशील ते."

"आन् न्हाई आणलं तर?"

अण्णा आणि अप्पा दोघंही हसले. अप्पा म्हणाले, "मग माझ्या लेकाचं नाव घालू. तो तिसऱ्यांदा बसतोय दहावीला, त्याची हौस तरी फिटंल!" ते पुन्हा हसले. आक्काही हसली. मी तिचा हात धरून बाहेर आले. वाटेत ती एवढंच म्हणाली, "सगळं जुळवून झालंय गं. माझीच जागा तेवढी कोरी हाय."

परीक्षा सुरू झाली. पहिले पेपर बरे गेले. भूमितीच्या दिवशी अण्णांनी तिला सायकलवर केंद्रापर्यंत सोडलं आणि ते कामावर गेले. माय खडीवर. मी घागरी घेऊन रांगेत.

टँकर यायला उशीर होता. ऊन चढलं होतं. बाया पदर डोक्यावर घेऊन भिंतीच्या सावलीला टेकल्या होत्या. मी मागं बघितलं तर गल्लीच्या तोंडाशी आक्का. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, हातात लिहायचा पुठ्ठा. ती सरळ आली आणि माझ्या शेजारी रांगेत उभी राहिली. खालची एक घागर तिनं उचलून कमरेवर घेतली.

"पेपर?" मी म्हणाले.

"चालू हाय तिकडं."

एका बाईनं नेहमीप्रमाणं तोंड उघडलं. "आज काय, पहिल्या नंबराला तहान लागली का?"

"हाव मावशी," आक्का म्हणाली. "लई लागली."

त्या बाईनं पुढं सरकून तिला आपल्या सावलीत घेतलं. टँकर आला, ढकलाढकली झाली, आक्कानं तिची घागर भरली. सवय नव्हती, अर्धं पाणी अंगावर सांडलं. ओल्या गणवेशात ती माझ्या पुढं चालत होती आणि तिचे खांदे सैल पडले होते. कितीतरी दिवसांनी मी तिला असं चालताना बघितलं. ती सुटली होती. आणि ती कशातून सुटली ते कळण्याइतकी मी मोठी होते. तिला परत पाठवायला आता कुणी नव्हतं. पेपरची वेळ निघून गेली होती.

अण्णांना संध्याकाळी कळलं. ते ओरडले नाहीत, मारणं तर दूरच. ते बाजेवर बसले आणि म्हणाले, "का?"

"येत नव्हतं," आक्का म्हणाली.

"बसली असतीस तर आलं असतं."

तेव्हाही. त्या दिवशीही त्यांना ते ऐकू आलं नाही. आक्कानं त्यांच्याकडं बघितलं, आणि त्यानंतर अभ्यासाबद्दल ती त्यांच्याशी एक अक्षरही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी एकटीच गेले. अण्णा तबकापाशी उभे होते. त्यांनी सुतळीची गाठ सोडली. आधी मोठी लाकडी अक्षरं पुसून खणात ठेवली, मग नावाचे खिळे एकेक करून आपापल्या घरात टाकले. प्रत्येक खिळा टप्प आवाज करून पडत होता. अप्पांनी नुसता गल्ला बंद केला आणि दुकानाच्या पुढच्या बाजूला जाऊन बसले. निकालाच्या दिवशी गावाची अभिनंदनं छापायला आली, ती सगळी अण्णांनीच जुळवली. मोठ्या अक्षरांत.

आक्टोबरच्या परीक्षेला बस, असं अण्णांनी मायकडून सांगून पाठवलं. "आक्टोबरला सगळे नापासच बसतात, त्यांच्यात ती पहिलीच येईल म्हणावं." हा निरोप आक्कानं चूल फुंकता फुंकता ऐकला. ती बसली नाही. पुढच्या वर्षीही नाही. मग नांदेडकडचं स्थळ आलं आणि अर्धापूरला तिचं लग्न झालं.

मी शिकले. मला घरात कुणी हुशार म्हणत नव्हतं, तो शब्द आधीच वापरून झाला होता. गणितात मी कितीदा तरी आपटले, विचारत फिरले, शिकवणीच्या सरांच्या ओट्यावर जाऊन बसले, आणि कुणाची मान त्यानं खाली गेली नाही. जे आक्काला मिळायला हवं होतं ते मला दुर्लक्षातून मिळालं. याचा आनंद कसा मानायचा ते मला अजून कळलेलं नाही.

अण्णा आता थकलेत. खिळे गेले, छापखाना गेला. कुणी आक्काची चौकशी केली की ते म्हणतात, "फार हुशार होती हो. दृष्ट लागली." दृष्टीच्या खुळाविरुद्ध पत्रकं काढणारा माझा बाप. पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा भांडायला तोंड उघडलं, आणि मिटलं. त्यांना दुसरं काही कारण सापडलंच नाही, तर मी त्यांच्याकडून हे एवढंही काढून घेऊ?

गेल्या उन्हाळ्यात मी अर्धापूरला गेले होते. तिथं केळीच्या बागा, पाटाला पाणी. आक्का ओसरीवर केळीची सुकी पानं निवडत होती. तिची मुलगी पहिली-दुसरीत आहे. ती पाटी घेऊन आली. हातच्याची वजाबाकी होती, खाली काहीतरी भलतंच उत्तर आलं होतं. तिनं पाटी आईसमोर धरली. आक्कानं नजर वर केली नाही. "ठेव तिकडं. जा, खेळ जा," ती म्हणाली. पोर थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं फ्रॉकनंच पाटी पुसली.

मी म्हणाले, "आक्का, तू काहीतरी बोल ना तिला. बरं म्हण, वाईट म्हण."

"काय म्हणू?" ती म्हणाली. "मला दोनच शब्द ठाव हायत. एक अण्णांच्या मास्तरचा, एक अण्णांचा. दोन्ही मला तिला द्यायचे न्हाईत."

"आन् 'जमलं'? ते विसरलीस?"

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "ते म्हणायला आधी बसून बघावं लागतं गं. मला पाटीकडं बघवत न्हाई."

मी उठले, पोरीजवळ जाऊन बसले. "मला दाखव. कुठं अडलं?" पोरीनं पाटी पाठीमागं लपवली आणि मान हलवली. "न्हाई अडलं," ती म्हणाली. सहा-सात वर्षांची पोर. 'न्हाई अडलं' म्हणायला ती शिकली होती, आणि ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. पाटी कोरी होती. मी खूप वेळ बसले. तिनं ती पुढं केली नाही. दुसऱ्या दिवशी मला परतायचं होतं, मी परतले.

माझ्याकडं यावर इलाज नाही. मी एका घरात राहते, ती पोर दुसऱ्या घरात. पण तुमच्या घरात एखादी पाटी असेल. तर आज एवढं करा. कुणाला सांगू नका, पेढे आणू नका, शेजारणीला हाक मारू नका. पोराच्या शेजारी जमिनीवर बसा आणि एक गणित सुरुवातीपासून शेवटापर्यंत ते सोडवताना बघा. चुकलं तर 'परत बघ' म्हणा. जमलं तर 'जमलं' म्हणा. आणि ते 'येईना' म्हणालं, तर कृपा करून हसू नका.